भाषांतराचा तास

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने चाळीसेक किलोमीटर गेले की सावनेर लागते. कोलार नदीकाठचे हे तालुक्याचे गाव कापूस, संत्री आणि कोळशाच्या खाणी यांवर पोसलेले. मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्याने बाजारात मराठी आणि हिंदी सारख्याच सहजपणे चालतात. आदमने महाविद्यालय किंवा भालेराव विज्ञान महाविद्यालय यांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या ज्या मुलामुलींना परदेशी शिकायला जायचे असते, त्यांना आधी आयईएलटीएस किंवा टोफेल ओलांडावी लागते. मग सुरू होते शब्दांची बेगमी. मोबाइलवर रोज वीस नवे शब्द, भिंतीला चिकटवलेले तक्ते, क्लासमधून मिळालेली हजारभर अवघड शब्दांची यादी. ही धडपड नव्या काळाची समजली जाते. प्रत्यक्षात दूरच्या कुणीतरी घेतलेल्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द साठवण्याचा उद्योग या भागात दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्या इतिहासातून मला एक गोष्ट पुरेशी सिद्ध झालेली दिसते. मराठी माध्यमातल्या मुलाला वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द मिळवून देणारे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे उताऱ्याचे भाषांतर. ते साधन आपण जुनाट म्हणून टाकून दिले, आणि तेही अगदी चुकीच्या वेळी टाकले.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याच 1854 साली शिक्षणाबाबतचा वूडचा खलिता आला. देशी भाषा आणि इंग्रजी या दोन्ही एकत्र चालाव्यात, हे त्या खलित्याचे म्हणणे होते. फक्त इंग्रजीचा पुकारा करणारे मेकॉलेचे 1835 चे टिपण आपल्या जास्त लक्षात राहते, इतकेच. नागपुरात इंग्रजी शिक्षण मात्र त्याआधीच पोचले होते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये आला आणि वर्षभरात त्याची शाळा उभी राहिली. हा माणूस इंग्रजी शिकवत असतानाच इथल्या गोंडांची भाषा शिकत होता, तिचे शब्द टिपत होता. 1863 मध्ये तो बुडून वारल्यावर त्याचे कागद रिचर्ड टेंपलने 1866 साली छापले आणि त्यांत गोंडी शब्दांची जंत्रीही आली. इंग्रजी शब्दांचा नागपुरातला पहिला मोठा शिक्षक स्वतः दोन भाषांचे शब्द शेजारी शेजारी मांडून शिकत होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या नावाचे महाविद्यालय 1883 मध्ये आणि मॉरिस कॉलेज 1885 मध्ये निघाले, पण परीक्षा नागपूरच्या नव्हत्या. आधी कलकत्ता विद्यापीठाच्या, पुढे अलाहाबादच्या. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी शेकडो कोसांवरच्या परीक्षकाने तोलले. आज केंब्रिजची परीक्षा तोलते; म्हणजे अंतर वाढले, व्यवहार तोच राहिला.

त्या मॅट्रिकच्या इंग्रजीत देशी भाषेतला उतारा इंग्रजीत उतरवणे हे ठरलेले काम असे. हाच सगळ्या शिक्षणाचा कणा होता, कारण परीक्षेत जे विचारले जाते तेच शाळेत शिकवले जाते, हा नियम तेव्हाही होता. त्यासाठीची साधने मराठीत तयार होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 मध्ये आली. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. बाबा पदमनजींनी आटोपशीर कोश केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नीळकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश भागाभागाने निघाला. पण कोश श्रीमंतांच्या किंवा ग्रंथालयांच्या कपाटात. गरिबाच्या दप्तरात असे ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिची थट्टा पुष्कळ झाली आहे, आणि ती काही अंशी रास्तही आहे, कारण तिच्यातली वाक्ये कुणी कधी कुणाला बोलेल अशी नसत. तरी तिची कामाची पद्धत नीट पाहावी. ती मुलाला सुटा शब्द देऊन थांबत नसे. मराठी वाक्य समोर ठेवून त्याला इंग्रजीत न्यायला लावी, आणि नेताना कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो, कोणत्या क्रियापदाला कोणते अव्यय लागते, कुठे मराठीतला एक शब्द इंग्रजीत तीन वाटांनी फुटतो, हे त्याला स्वतःच अडखळत शोधावे लागे. आजचे परीक्षक ज्याला शब्दांची नेमकी जोडणी म्हणतात आणि जिच्यासाठी गुण देतात, ती याच अडखळण्यातून येते.

यावर लगेच कुणी म्हणेल की तो काळ घोकंपट्टीचा होता. भारतीय विद्यार्थी पाठांतर करतो ही तक्रार तेव्हाचीच. खरे आहे. कर्झनच्या काळात 1902 साली विद्यापीठांची चौकशी करणारा आयोग नेमला गेला तेव्हा ही तक्रार जोरात होती. नेमलेल्या पुस्तकांच्या ‘की’ आणि ‘नोट्स’ पाठ करून मुले परीक्षा तरून जात. पण घोकंपट्टी कुठे होत होती ते पाहिले पाहिजे. नेमलेल्या पुस्तकाचा धडा आधी माहीत असतो, म्हणून त्याचे उत्तर पाठ करता येते. न पाहिलेला मराठी उतारा इंग्रजीत उतरवायचा असेल तर पाठ करणार काय? त्या परीक्षेतला हा एक भाग तरी विद्यार्थ्याला स्वतःच्या हिमतीवर लढावा लागे. घोकंपट्टी आणि भाषांतर एकाच शाळेत, एकाच छडीखाली नांदत होते, म्हणून पुढच्या सुधारकांनी दोघांना एकाच दाव्याला बांधून बाहेर काढले.

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात जे घडले ते तर या विषयाच्या मुळाशी जाणारे आहे. उच्च शिक्षण मराठीतून आणि हिंदीतून द्यायचे, असे ठरवणाऱ्या देशातल्या पहिल्या विद्यापीठांत नागपूर विद्यापीठ होते. त्यासाठी शब्द हवे होते. डॉ. रघुवीर यांनी लाहोरहून आपली संस्था नागपुरास आणली आणि शास्त्रांच्या, कायद्याच्या, कारभाराच्या हजारो इंग्रजी संज्ञांना संस्कृत धातूंवरून प्रतिशब्द घडवले. त्यांच्या शब्दांची टिंगल आजतागायत चालू आहे. काही शब्द खरोखरच तोंडात मावणारे नव्हते. मात्र त्यांची रीत टिंगलीपेक्षा मोठी होती. इंग्रजीतले विद्येचे शब्द लॅटिन आणि ग्रीक धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावून बनतात. तर संस्कृत धातूंना तसेच उपसर्ग-प्रत्यय लावून त्यांच्या समोर दुसरी रांग उभी करता येईल, हा तो विचार. नेमक्या याच काळात, 1949 मध्ये, अमेरिकेत नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ निघाले. ते पुस्तक आजही नागपूरच्या सीताबर्डीपासून सावनेरच्या स्टँडपर्यंत स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या हातात दिसते, आणि त्याचीही सारी मदार धातू ओळखून शब्दांचे कुटुंब लक्षात ठेवण्यावर आहे. लुईस इंग्रजी वाचकासाठी, रघुवीर इंग्रजी हटवू पाहणाऱ्यांसाठी. दोघे एकच किल्ली घडवत होते. ‘प्रगती’ आणि ‘प्रोग्रेस’ यांतले ‘प्र’ आणि ‘प्रो’ मुळात सख्खे भाऊ आहेत, हे मराठी मुलाला एकदा दाखवले की लॅटिन उपसर्ग त्याला परके वाटत नाहीत. दुर्दैव असे की रघुवीरांचे शब्द इंग्रजीच्या जागी वापरायचे म्हणून आले. इंग्रजी शिकण्याची शिडी म्हणून ते कुणी वापरले नाहीत. भाषेच्या राजकारणात दोन रांगा एकमेकींच्या शत्रू ठरल्या, आणि त्यांना जोडणारा पूल कुणाच्याच कामाचा राहिला नाही.

1956 मध्ये नागपूर मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्रात. पुढच्या काळात शाळांतून इंग्रजी शिकवण्याची नवी पद्धत आली. मोजक्या वाक्यरचना आणि निवडक सोपे शब्द क्रमाक्रमाने द्यायचे, तेही शक्यतो मातृभाषा मध्ये न आणता. ही पद्धत मूर्खपणाची नव्हती. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये 1920 च्या दशकात केलेल्या कामापासून ती वाढली होती. सर्वांत जास्त उपयोगाचे सुमारे 2000 शब्द आधी पक्के करा, हा त्यांचा आग्रह 1953 च्या त्यांच्या प्रसिद्ध यादीत दिसतो आणि तो आजही खरा आहे. चूक पुढे झाली. त्या दोन हजारांच्या पलीकडे मुलाला कसे न्यायचे, याची तजवीज नव्या पद्धतीत नव्हती. आणि जुन्या पद्धतीत जी होती ती काढून घेतली गेली. यात एक सामाजिक बाजू आहे, जी फारशी बोलली जात नाही. तर्खडकरी भाषांतर ज्यांनी केले ते बहुतांशी शहरातले, वरच्या जातींतले, थोडके मुलगे होते. शेतमजुरांची, विणकरांची, दलितांची, मुलींची पहिली मोठी पिढी हायस्कुलात पोचली ती 1960 नंतर. म्हणजे गर्दी आली आणि शिडी काढून घेतली. त्यांच्या वाट्याला आली ती गाइडे आणि अपेक्षित प्रश्न. ज्यांना परवडले त्यांनी नागपूरच्या कॉन्व्हेंटची वाट धरली. 2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी इंग्रजी पहिलीपासून आणले, तो निर्णय या असमानतेवरचाच उतारा होता आणि माझ्या मते योग्य होता. पण पहिलीपासून सुरू केल्याने इंग्रजीची वर्षे वाढली. दहावीनंतरच्या शब्दांची खोली त्याने वाढली असे म्हणवत नाही.

ती पोकळी भरली परदेशी याद्यांनी. अमेरिकी विद्यापीठांच्या जीआरई परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असे सुटे प्रश्न येत, त्यामुळे साडेतीन हजार शब्दांची बॅरन्सची यादी पाठ करणे हा एक धर्मच झाला होता. 2011 मध्ये ते प्रश्न परीक्षेतून गेले. टोफेलने सुट्या शब्दांचा वेगळा विभाग त्याआधीच बंद केला होता. आयईएलटीएसमध्ये तर सुटा शब्द कधी विचारतच नाहीत. लेखन आणि संभाषण यांत चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा असतो आणि कमी रुळलेला शब्द योग्य जागी, योग्य सोबतीसह वापरला का, हे त्यात पाहिले जाते. परीक्षा बदलल्या, तयारी मात्र जुन्या परीक्षेचीच चालू राहिली. यादीत ‘मिटिगेट’ समोर ‘कमी करणे’ लिहिलेले असते. मुलगा ते इमानाने पाठ करतो आणि निबंधात आपले वजन ‘मिटिगेट’ करून मोकळा होतो. यात त्याची चूक थोडी आहे. त्याला शब्दाचा अर्थ दिला, शब्दाचे शेजारी दिले नाहीत. हाच शब्द दुष्काळाची झळ किंवा पुराचा तडाखा सौम्य करण्याबद्दलच्या मराठी परिच्छेदातून त्याच्याकडे आला असता, तर तो कुठे लागतो हे वेगळे सांगावे लागले नसते.

शिवाय या परीक्षांना लागणारे शब्द दिसतात तितके दुर्मिळ नाहीत. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे 35 लाख शब्दांचा अभ्यासग्रंथांचा साठा तपासून 2000 साली एक यादी केली. वेस्ट यांचे दोन हजार शब्द वगळून, सगळ्या विद्याशाखांत पुन्हा पुन्हा येणारी शब्दकुटुंबे त्यांना मिळाली ती अवघी 570; आणि अभ्यासग्रंथातला सुमारे दहावा हिस्सा तेवढ्यांनीच व्यापलेला असतो. ती यादी कुणी मराठी शाळेच्या नजरेने वाचावी. गृहीतक, संकल्पना, घटक, प्रक्रिया, रचना, स्रोत, पुरावा, निष्कर्ष, पर्यावरण, ऊर्जा, तत्त्व, संशोधन. या सगळ्यांचे इंग्रजी शब्द त्या यादीत आहेत आणि त्यांच्या मराठी जोड्या दहावीच्या विज्ञानाच्या, भूगोलाच्या पुस्तकांत पानोपानी आहेत. सावनेरच्या मुलाने या कल्पना वर्षानुवर्षे वापरल्या आहेत, त्यांवर परीक्षा दिल्या आहेत. त्याच्याजवळ अर्थ आहे, फक्त इंग्रजी नाव नाही. त्याला नवे नाव जुन्या अर्थाला बांधून द्यायचे सोडून आपण त्याला अर्थासकट सगळे पुन्हा शून्यापासून शिकवतो, तेही सोप्या इंग्रजीतल्या लांबलचक व्याख्यांनी. सेमी इंग्रजीच्या वर्गांत उलट घडते. तिथे विज्ञानाचे इंग्रजी नाव आधीच मिळते, पण मराठी जोडी तुटते, आणि पुष्कळदा नाव राहते, अर्थ उडून जातो.

या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप भाषाशिक्षकांचा आहे. मातृभाषेतून गेलेला विद्यार्थी कायम मराठीत विचार करून इंग्रजीत बोलतो, अडखळतो, मराठी वळणाची वाक्ये करतो. भाषांतराने बोलणे येत नाही हा यातला भाग मान्यच केला पाहिजे. जुन्या मॅट्रिकवाल्यांतले कितीतरी जण पल्लेदार अर्ज लिहीत आणि साहेबासमोर गप्प होत. बोलणे ऐकण्याने आणि बोलण्यानेच येते. पण इथे प्रश्न शब्दसंग्रहाचा आहे, आणि त्याबाबत पुरावा आक्षेपाच्या विरुद्ध जातो. इस्रायलमध्ये बाटिया लाउफर आणि नॅनी गिरसाय यांनी हिब्रू बोलणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला अर्थाकडे लक्ष देणारे वाचनाचे उपक्रम, दुसऱ्याला त्याच शब्दांचे पण भाषांतर टाळणारे सराव, तिसऱ्याला दोन भाषांची तुलना आणि भाषांतर. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत तिसरा गट जवळपास सर्वच चाचण्यांत सरस ठरला. हिब्रू म्हणजे मराठी नव्हे आणि एका प्रयोगाने शास्त्र बनत नाही. तरी मातृभाषा मध्ये आली की शब्द बिघडतो, हा जो ठाम समज आपल्या प्रशिक्षणवर्गांतून पेरला गेला, त्याला यानंतर आधार उरत नाही. मराठी वळण विद्यार्थ्याच्या डोक्यात तसेही असतेच. भाषांतरात ते कागदावर येते, म्हणून निदान शिक्षकाच्या लाल शाईला सापडते.

दुसरा आक्षेप असा की गृहीतक आणि संकल्पना हे शब्दच आताच्या मुलांना कळत नाहीत. पारिभाषिक मराठी हीच एक परकी भाषा झाली आहे. याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ज्याला मराठी उतारा समजत नाही त्याला त्याचे भाषांतर काय करता येणार? पण मग ते दुखणे इंग्रजीचे नाही. वरच्या पातळीचे मराठी ज्याने कधी वाचले नाही त्याला वरच्या पातळीचे इंग्रजी महाग पडते, आणि क्लासची फी त्याला अपुरी पडते. सावनेरकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. नाटककार राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी याच गावात वारले, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. त्यांचे बालपण गुजरातेत गेलेले, मराठीवर हुकमत आली ती पुढे. फर्ग्युसन कॉलेजात पहिल्याच वर्षी गणिताने दगा दिला आणि पदवी राहिली ती राहिलीच. पण संस्कृत आणि इंग्रजी नाटककार त्यांनी मराठीच्या बरोबरीने पचवले, आणि ‘एकच प्याला’मधली भाषा त्या पचवण्यातून आली. गडकरी अपवाद होते, प्रतिभेवरून शिक्षणाचा नियम काढू नये, हे कबूल. एवढेच म्हणता येईल की दोन भाषा एकमेकींच्या आड येतात हा सिद्धान्त त्यांच्या बाबतीत तरी साफ खोटा ठरला, आणि परीक्षेतले अपयश म्हणजे शब्दांचे दारिद्र्य नव्हे हेही.

भाषांतराचा तास परत आणायला शासननिर्णयाची वाट पाहायची गरज नाही. बालभारतीची नववी-दहावीची विज्ञानाची आणि भूगोलाची पुस्तके मराठी व इंग्रजी दोन्ही माध्यमांत तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. धडे तेच, आकृत्या त्याच, परिच्छेदही जवळजवळ ओळीला ओळ. परीक्षेची तयारी करणाऱ्याने मराठी परिच्छेद घ्यावा, स्वतः इंग्रजीत उतरवावा, मग इंग्रजी पुस्तकातल्या परिच्छेदाशी ताडून पाहावा आणि जिथे अडला तेवढेच शब्द त्यांच्या पूर्ण वाक्यासह वहीत लिहावेत. सावनेरच्या महाविद्यालयांनी आठवड्यातला एक तास याला द्यावा, आणि उतारे तपासायला इंग्रजीबरोबर मराठीचा प्राध्यापकही बसवावा.